दाढ दुखत नव्हती

ओपीडीच्या वहीत डिसेंबरातली एक ओळ आहे, माझ्याच अक्षरातली: 'स्त्री, ६१, उजवी दाढ दुखते, तीन आठवडे. डायक्लोफेनॅक इंजेक्शन. दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले.' बस, एवढीच. या ओळीतला 'दाढ' हा शब्द बाईंचा नव्हता, सुनेचा होता. बाई बोलल्याच नाहीत. पदर तोंडापुढे धरून बसून राहिल्या. बाहेर बाकावर गर्दी होती, म्हणून जो बोलेल त्याचं ऐकून मी मोकळा झालो. पुढचे अडीच महिने, दोन दाढा, एक धुरी आणि सहा किलो वजन त्या एका शब्दापायी गेलं.

बाईंना आणि त्यांच्या मुलाला विचारून हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचे आणि माझ्या चुकीचे तपशील तसेच ठेवले आहेत.

गाव बोरी नदीच्या काठचं, अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं. कापसाची शेती, विहिरीला मार्चपर्यंत पाणी. बाईंना रक्तदाबाची एक गोळी सोडली तर कसला आजार नव्हता. गावात त्या गाण्यासाठी ओळखल्या जात. कानबाईचा रोट असो की आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गौराई, पहिली ओळ त्यांनीच उचलायची असा रिवाज. हे मला फार उशिरा कळलं. एरवी पेशंट गाते की नाही, हे आम्ही कुठे विचारतो!

दिवाळी उलटल्यावर कापसाची दुसरी वेचणी सुरू होती. सकाळचा गार वारा शेतात सरळ तोंडावर येतो. वाकलेल्या असताना उजव्या गालातून काहीतरी सणकन गेलं आणि हातातला कापूस खाली पडला. शेजारच्या बाईला वाटलं विंचू चावला. दोन-चार सेकंदांत सगळं शांत. त्या दिवशी पुन्हा काही झालं नाही. आठवड्याभरात मात्र दिवसातून दहा-वीस वेळा होऊ लागलं. भाकरीचा घास चावताना, चूळ भरताना, दात घासताना, कधी नुसतं नातवाला हाक मारताना.

तोंडातलं दुखणं म्हणजे दाढ, हे घरात ठरून गेलं. त्यात खालची एक मागची दाढ खरंच थोडी किडलेली होती. शहरातल्या दातांच्या डॉक्टरांनी ती काढली. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर बाईंना महिन्यात पहिल्यांदा कळ आली नाही. पुढचे सहा-सात दिवसही बरे गेले. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. भूल दिली की त्या वाटेने जाणारा इशाराच बंद होतो, मग दुखणं दाढेचं असो की आणखी कशाचं. शिवाय हा आजार मुळात झटक्या-झटक्यांनी येतो आणि मध्ये आपसूक विसावाही घेतो. दाढ काढणं आणि विसावा एकाच आठवड्यात आले. त्या योगायोगावर दुसरी दाढ गेली. ती वरची होती आणि चांगली, धडधाकट होती.

दुसऱ्या दाढेनंतरही कळ थांबली नाही, तेव्हा गावातल्या जाणत्या बाईकडे रिंगणीची धुरी झाली. आमच्याकडे ही जुनी गोष्ट आहे. भुईरिंगणीच्या वाळलेल्या बिया तेल लावून निखाऱ्यावर टाकायच्या आणि नळीतून तो धूर किडक्या दाढेवर घ्यायचा. खाली पाण्याच्या ताटलीत पांढरे 'किडे' पडलेले दाखवतात. ते तडकलेल्या बियांतले कण असतात. कुणी हसलं तर हसो, पण डॉक्टरांनीही धडधाकट दाढ काढली होती आणि मी तीन वेळा इंजेक्शन टोचलं होतं. धुरीने निदान रक्तदाब तरी वाढला नाही. माझ्या डायक्लोफेनॅकने, त्या वेदनाशामकाने, तो १६० वर ९६ झाला.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या चौथ्यांदा आल्या, या वेळी मुलाबरोबर. सून आली नव्हती. ती वैतागली होती, आणि तिचं वैतागणं मला वावगं वाटत नाही. मुलाने तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं: "ती म्हणते, आई ओरडतात, दोन्ही हात वर करतात, आणि अर्ध्या मिनिटात भराभर जेवायला लागतात. दुखतं तर जेवतात कशा?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. विचारला एका वैतागलेल्या सुनेने.

त्या दिवशी संध्याकाळची वेळ होती आणि बाक रिकामा होता, म्हणून मी नीट पाहिलं. दाढ दुखणारा माणूस गाल दाबून धरतो. तळहात गालावर गच्च, मान त्या बाजूला कललेली. दारातून आत येताना कुणीही ओळखावं. या बाईंचा हात गालापासून बोटभर लांब होता. पदरही त्यांनी चिमटीत असा ताणून धरला होता की वारा अडावा, पण कापड कातडीला लागू नये. मी दिवा जवळ घेतला. डावा गाल धुतलेला, स्वच्छ. उजव्या नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत मात्र मळाची राखट पुटं बसलेली, कातडी कोरडी, आणि दोन्हींच्या मधोमध सरळ सीमारेषा. नदीच्या एका काठाला ओल असावी आणि दुसऱ्या काठाला नसावी, तशी. कित्येक आठवडे त्यांनी अर्धंच तोंड धुतलं होतं.

मी विचारलं, "माय, दहापैकी किती दुखतं?" आम्हाला असंच शिकवलेलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते कीव केल्यासारखं.

"कधी काहीच नही. कधी शंभर."

मग मी आकडा सोडला आणि अहिराणीत विचारलं, कसं दुखस? त्या थांबत थांबत, ओठ जेमतेम हलवत बोलल्या. "दाढ नही दुखस भाऊ. गालवर ईज पडस. आनि मंग काहीच नही."

ईज म्हणजे वीज. निदान इथेच झालं होतं; बाकीचा अर्धा तास मी त्याची खात्री करून घेतली. टेबलावरच्या कापसाचा बारीक पापुद्रा काढून उजव्या नाकपुडीच्या कडेला हळूच टेकवला. बाईंचं अर्धं तोंड एकदम आवळलं, डोळा मिटला, हात हवेत तसाच थबकला, चाललेला शब्द मध्येच तुटला. भिंतीवरच्या घड्याळात मी मोजलं, अकरा सेकंद. मग चेहरा सुटला आणि त्या म्हणाल्या, "झाय." झालं. त्यानंतर लगेच त्याच जागी पुन्हा कापूस लावला, तर काहीच नाही. अंगठ्याने हाड जोरात दाबलं, तरी काही नाही. आयुष्यभर कापूस वेचलेल्या बाईला कापसाचा पापुद्रा सोसवेना, आणि अंगठ्याचा दाब मात्र सोसला.

सुनेच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच होतं. एक झटका येऊन गेला की ती नस थोडा वेळ पुन्हा पेटत नाही. तेवढ्या मोकळ्या वेळात बाई भराभर चार घास गिळून घ्यायच्या. त्या नाटक करत नव्हत्या. अडीच महिन्यांत स्वतःच्या दुखण्याचं वेळापत्रक त्यांनी आम्हा सर्वांपेक्षा बारकाईने शिकून घेतलं होतं. कळण्याची भाकरी त्यांनी कधीच सोडली होती. डाळीच्या पाण्यात कुस्करलेला भात डाव्या बाजूने, तोही झटक्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात. वजन ४७ वरून ४१ किलो.

आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी ट्रायजेमिनल. ती चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक असते आणि तिला तीन फाटे असतात: कपाळाकडे, गाल व वरच्या जबड्याकडे, आणि खालच्या जबड्याकडे. बहुतेकांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या फाट्यात कळ येते. म्हणजे नेमकी दातांच्या मुळांशी, म्हणूनच इतके लोक दात काढून बसतात. पन्नाशीनंतर जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, डावीपेक्षा उजवीकडे जास्त. कळ क्षणभरापासून दोन मिनिटांपर्यंत, आणि चेहऱ्याची मधली रेघ ती ओलांडत नाही. दाढेच्या आतल्या शिरेचं दुखणं याच्या उलट. ते गरम-गार लागलं की सुरू होतं, मग बराच वेळ ठणकत राहतं, रात्री झोपू देत नाही, दातावर ठोकलं की उसळतं. बाई रात्री गाढ झोपत होत्या. हेही मी डिसेंबरात विचारलं नव्हतं.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण माझी चूक नेमकी कुठे झाली ते त्याशिवाय कळणार नाही. आपल्या भाषेत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके आमच्या केसपेपरवर रकाने नाहीत. गळू ठसठसतं, कारण आत पू दाबाखाली आहे आणि नाडीचा प्रत्येक ठोका तिथे लागतो. पोटात कळ येते आणि जाते, कारण आतडं किंवा मूत्रवाहिनी आवळते आणि सुटते. पाय भरून येतात, खांदे आंबतात, ते स्नायूंचं. कंबरेत उसण भरते. काटा सलतो. भाजलेलं चुरचुरतं. मधुमेहात तळपायांना मुंग्या येतात, आग होते. आणि चमक मारते, सणक जाते, ती बहुतेक वेळा नसेची. क्रियापदच अर्धं निदान सांगून जातं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याच्या शब्दांचीच एक प्रश्नावली तयार केली. किती दुखतं यापेक्षा कसं दुखतं, हे विचारायला ती शिकवते. आमच्या गावच्या आजीबाया ती प्रश्नावली पाठ असल्यासारख्याच बोलतात. आम्ही त्याचं भाषांतर 'दुखते' या एकाच शब्दात करून वहीत उतरवतो.

ज्या दुखण्यात पेशी दुखावलेल्या किंवा सुजलेल्या असतात, तिथे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन चालतात, कारण ती सुजेची रसायनं कमी करतात. इथे सूज नव्हतीच. निरोप पोचवणारी तारच बिघडली होती. मी तीन वेळा पत्र बदलत राहिलो आणि दोष पोस्टमनमध्ये होता.

मुलाला समजावताना पोस्टमनचा उपयोग झाला नाही, विहिरीवरच्या मोटारीचा झाला. मेंदूच्या बुडाशी, जिथून ही नस निघते, तिथे बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी तिला चिकटून असते. प्रत्येक ठोक्याला ती घासते, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने नसेवरचं वेष्टण त्या जागी झिजतं. मुलगा म्हणाला, "म्हणजे वायर छिलली." बरोबर, वायर छिलली. मग स्पर्शाचा साधा निरोप शेजारच्या वेदनेच्या तारेत उडी मारतो आणि ठिणगी पडते. दात काढणं म्हणजे शॉर्ट सर्किट झालं म्हणून बल्ब फोडण्यासारखं. त्याने आईकडे बघितलं. मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

बाईंच्या गालाची संवेदना दोन्हीकडे सारखी होती, बुबुळाला कापूस लावला तर पापणी मिटत होती. तरी एमआरआय सांगितला. क्वचित हेच दुखणं नसेवर दाबणारी गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं वेष्टण झिजवणारा आजार) यांचं असतं, आणि ते वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. धुळ्याला एमआरआय झाला. गाठ नव्हती, उजव्या नसेच्या मुळाशी रक्तवाहिनीचा वेढा दिसला. चिठ्ठीवर नुसतं 'मेंदूचा एमआरआय' न लिहिता ट्रायजेमिनल नसेसाठीच्या बारीक कापांची मागणी लिहावी लागते, नाहीतर हा वेढा निसटतो.

औषध जुनंच, कार्बामॅझेपिन. मुळात मिरगीवरचं, या आजारात ते १९६२ पासून वापरलं जातं. जास्त वेगाने पेटणाऱ्या नसेची सोडियमची दारं ते थोपवून धरतं. १०० मिलिग्रॅम दोन वेळा असं सुरू केलं. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता तडक यायचं, हे दोनदा बजावलं; आशियातल्या काही लोकसमूहांत या औषधाची त्वचेवरची रिॲक्शन जिवावर बेतू शकते. आधी रक्तपेशी, यकृत आणि सोडियम तपासलं. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. आईने सकाळी पूर्ण तोंड धुतलं होतं.

इथे हे प्रकरण संपलं असतं तर मी ते लिहिलंच नसतं.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा हजर, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. दिवसाला चाळीस-पन्नास झटके, पाणीही गिळवत नव्हतं. गोळ्या बंद होत्या. दुसरी पट्टी घ्यायला मुलगा मेडिकलवर गेला, तेव्हा काउंटरवरच्या पोराने सहज विचारलं होतं, "घरात फिट कुणाला येते?" पोराचा त्यात काही दोष नाही, त्याला जे माहीत होतं ते तो बोलला. मुलगा घरी येऊन ते बोलला. घरात नातीच्या सोयरिकीचं चाललेलं. आजीला मिरगी आहे ही गोष्ट पाहुण्यांच्या कानावर गेली तर? बाईंनी स्वतःच गोळ्या डब्यात टाकल्या. मला म्हणाल्या, "माले काय फिट येस? नातनं लगीन मोडाले मी कारण नही व्हवाव." आणि मग, "बठ्ठा दात काढी टाका, भाऊ. बठ्ठा." सगळे.

नातीच्या लग्नासाठी ती बाई वीज झेलायला तयार होती. माझ्या चिठ्ठीवर औषधाचं नाव होतं, डोस होता, पुरळाची सूचना होती. ही गोळी मिरगीवरही देतात पण तुम्हाला ती गालाच्या नसेसाठी आहे, हे एक वाक्य नव्हतं. मुलाला वायरची गोष्ट सांगितली, आईला सांगितलीच नाही. तेव्हा वाटलं होतं की तिला कशाला तांत्रिक! तिच्या घरची मोटार गेली तीस वर्षं तीच चालू-बंद करते.

या वेळी चिठ्ठीवर वरच मोठ्या अक्षरात लिहिलं: 'गालाच्या नसेसाठी. मिरगी नाही.' मेडिकलवाल्यालाही फोन केला. गोळी पुन्हा तळापासून सुरू केली, दर तीन-चार दिवसांनी थोडी वाढवत ६०० पर्यंत नेली. झटके थांबले, पण बाई डुलायला लागल्या. ओट्यावरून उतरताना तोल गेला. रक्तात सोडियम १२९, म्हणजे बरंच कमी. हे या औषधाचं नेहमीचं दुखणं, आणि वय वाढलेल्यांत जास्त. डोस ४०० वर आणला, जोडीला बॅक्लोफेन, हे मुळात स्नायू सैल करणारं औषध, थोड्या मात्रेत दिलं. दोन आठवड्यांनी सोडियम १३५. कार्बामॅझेपिन इतर काही औषधांचा जोर कमी करतं, म्हणून रक्तदाबही दर आठवड्याला मोजत राहिलो.

सूनबाई एप्रिलमध्ये स्वतः आल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि सुरुवात होत नव्हती. मग म्हणाल्या, "मला वाटायचं रुसल्यात. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून तोंड बांधून बसतात." बोलण्यानेच कळ येते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जीभ आणि ओठ हलले की तीच नस छेडली जाते, आणि चार महिने त्या घरात एक बाई गप्प होती ती एवढ्यासाठी. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं की माणूस वेदना होते म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, आणि शब्दांत सांगणं हा वेदना दाखवण्याच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक आहे. बाईंचा मार्ग गप्प बसण्याचा होता. पदर चिमटीत धरण्याचा होता.

पुढचा पर्याय शस्त्रक्रिया. कानामागे छोटं भोक करून रक्तवाहिनी नसेपासून बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बारीकसा बोळा ठेवतात. दहा वर्षांनंतरही साधारण ७० टक्के रुग्ण वेदनामुक्त राहिलेले आढळतात. ऐकू कमी येणं हा एक धोका. दुसरा मार्ग सुईने नस तापवण्याचा. त्यात भूलही फारशी लागत नाही, पण गाल बधिर होतो आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. दोन्हींसाठी नाशिक किंवा मुंबई गाठावी लागेल. गोळ्या पुरल्या नाहीत किंवा सोसल्या नाहीत, की हे दार ठोठावायचं असं आम्ही ठरवलं आहे. बाईंचं म्हणणं, नातीचं लग्न होऊ द्या. मी घाई केली नाही. दुसऱ्याच्या दुखण्यावर तारखा ठरवण्याची माझी उमेद या प्रकरणाने जरा कमी झाली आहे.

आखाजीला मी त्यांच्या गावावरून जात होतो, मुद्दाम थांबलो. निंबाला झोका बांधलेला, ऊन चव्वेचाळीसच्या घरात. गौराईची गाणी चालली होती. पहिली ओळ दुसऱ्याच बाईने उचलली होती. आमच्या बाई बाजेवर बसून नुसत्या साथ धरत होत्या, अर्ध्या तोंडाने. मी लांबूनच बघितलं. गालाजवळ हात नव्हता.

आता अडलं आहे ते कवळीपाशी. दोन दाढांच्या जागी काहीतरी बसवल्याशिवाय भाकरी चावता येत नाही, आणि माप घ्यायचं तर उजव्या जबड्यात बोट घालावं लागतं. दातांच्या डॉक्टरांनी, ज्यांनी त्या दाढा काढल्या त्यांनीच, मला फोन केला. बाई खुर्चीत बसल्या, तोंड उघडलं आणि डॉक्टरांचा हात पुढे येताच त्यांचं मनगट धरून ठेवलं, सोडेनात. काय करू, विचारत होते. मी म्हटलं, गोळी घेतल्यावर दोन तासांनी बोलवा, भूल देऊन माप घ्या, आणि हात लावायच्या आधी त्यांना सांगा. ते म्हणाले, सांगितलं होतं. मी म्हटलं, पुन्हा सांगा.